नीराबाई आणि पाणबुड्याचा पोशाख

आगरदांड्याला आमच्या वाडीत दोन पोफळींच्या मध्ये एक माणूस उन्हाळाभर हात पसरून लोंबकळत असे. निदान लांबून तसं वाटायचं. जवळ गेलं की कळायचं, तो पाणबुड्याचा रबरी पोशाख आहे. बाह्यांतून बांबू घातलेला, आणि खाली सावलीत नीराबाई पाय पसरून बसलेली. खाडीवरचा वारा आत शिरला की पोशाखाचं पोट फुगायचं, पाय हळूच हलायचे, आणि बघता बघता माझेही डोळे मिटायचे. मी शाळेतली बाई. वह्या तपासायला म्हणून तिथे बसायची आणि एक वही धड तपासून व्हायची नाही.

नीराबाईचा नवरा हरेश्वर पाणबुड्या होता. खाडीच्या तोंडाशी मालाची ने-आण करणारा एक पडाव बुडाला होता, त्यातलं लोखंड काढायचा ठेका मुंबईच्या एका शेटने घेतला होता. अठ्ठावन्न सालची गोष्ट. डोक्याला तांब्याचा टोप, वर होडीत हवेचा पंप मारणारे दोघे आणि अंगात हा पोशाख, एवढ्यावर हरेश्वर खाली जायचा. पोशाख शेटचा, सांभाळायचा हरेश्वरने. म्हणजे अर्थातच नीराबाईने. त्यांच्या आळीतली विहीर मचूळ, म्हणून ती तो डोक्यावर घेऊन आमच्या विहिरीवर यायची.

आधी बाहेरून धुवायचा, मग उलटा करून आतून, तोही गोड्या पाण्याने. ऊन लागू द्यायचं नाही. सुकला की शंखजिऱ्याची पूड लावायची, म्हणजे रबर रबराला चिकटत नाही. मनगटाच्या रबरी पट्ट्या तर ती तान्ह्या मुलाचे हात पुसावेत तशा पुसायची. पाणी अडवतात ते त्या पट्ट्याच, हे हरेश्वरने तिला शंभरदा सांगितलं होतं.

"बाई, ह्याला दर्याचा वास येतो, पन वरच्या दर्याचा न्हाय," ती म्हणायची. "खालच्या." मग अर्धवट झोपेत सांगत राहायची, की पडावाच्या खिडकीत मासे बसलेत आणि तिचे हे त्यांच्या अंगणातून चालत चाललेत. मी एरवी कुणाचं असलं ऐकून घेत नाही. तिचं मात्र मला खरं वाटायचं.

पावसाळ्यात काम बंद पडलं. होड्या किनाऱ्यावर ओढून, मुशी माशाचं तेल चोळून नारळाच्या झापांखाली झाकल्या. तेल प्यालेलं लाकूड वर्षानुवर्षं टिकतं, हे कोळ्याच्या घरात कुणी शिकवावं लागत नाही. पोशाख ट्रंकेत ठेवताना नीराबाईला मनगटाच्या पट्ट्यांवर बारीक भेगा दिसल्या. तिचा जीव कळवळला. तेलाचा डबा कोपऱ्यात होताच. तिने रोज थोडं थोडं तेल बोटाने दोन्ही पट्ट्यांत जिरवलं. नवऱ्याला बोलली नाही. त्यालाही रबर आणि तेल यांचं वैर तिला सांगायचं कधी सुचलं नव्हतं.

नारळी पौर्णिमा झाली. उद्यापासून काम, असा शेटचा निरोप आला. नीराबाईने ट्रंक उघडली तर पट्ट्या मऊ, चिकट. ओढल्या की मळलेल्या कणकेसारख्या लांबायच्या. ती पोशाख घेऊन तडक आमच्याकडे आली. "बाई, मला ह्याच्यात घाला," एवढंच म्हणाली.

मी तिला पोशाखाच्या गळ्यातून आत घातलं. ती रहाटाच्या टाकीत छातीपर्यंत उतरली आणि दोन्ही हात पाण्याखाली सोडले. पोफळींची सावली तिच्या तोंडावर हलत होती. तिने डोळे मिटले, हसली, आणि क्षणभर मलाही वाटलं की ही आता त्या अंगणात पोचली. मग हसू गेलं. "कोपरापर्यंत आलं पानी," ती म्हणाली.

बाहेर येऊन तिने माझी कात्री मागितली आणि एक पट्टी कापून टाकली. तेवढ्यात हरेश्वर तिला शोधत आला, मागोमाग शेट. नीराबाई नवऱ्याजवळ जाऊन हळू आवाजात म्हणाली, "तेल लावलं मी. तुमी उद्या उतरू नका." मला वाटलं, आता हा हात उगारणार.

शेटला घाई. "नवी पट्टी यायला महिना जाईल. सुतळीने आवळ मनगट. दोन दिवसांचं तर काम आहे." मला असला राग आला की वही फेकून मारावी. हरेश्वर तुटक्या रबराकडे बघत राहिला. मग त्याने तिच्या हातातून कात्री घेतली आणि दुसरी पट्टी कापली.

"तेल कुणी लावलं रे ह्याला?" बोटं हुंगत शेटने विचारलं.

"मी," हरेश्वर म्हणाला.

रबराला तेल लावणारा पाणबुड्या, अशी मुंबईच्या गोदीपर्यंत त्याची नाचक्की झाली. पुन्हा कुणी त्याला पाण्याखाली उतरवलं नाही. खाडीपलीकडे दिघीला माणसं नेणाऱ्या तरीवर तो सुकाणू धरून बसू लागला. एकदा तरीत कुणीतरी त्याला त्यावरून चिडवलं. नीराबाई माझ्याशेजारीच बसली होती. खरं काय ते सांगायला ती उठली, तर त्याने हातानेच तिला खाली बसवलं.

"ऱ्हाऊ दे गो," तो म्हणाला. "मी वर हाय ना?"