स्वतःच्याच दुकानाविरुद्धची फिर्याद

ती सकाळ मी अजून विसरलेलो नाही. तेव्हा शिरूर तालुक्यातलं हमरस्त्यालगतचं एक पोलीस ठाणं माझ्याकडे होतं. हजेरी नुकतीच आटोपली होती. साठीच्या आसपासचे एक गृहस्थ छातीशी खोकं धरून आत आले आणि ठाणे अंमलदारापुढे उभे राहिले. शिक्रापुरात त्यांचं गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान होतं. ड्रायव्हर मंडळी त्यांना आप्पा म्हणत.

"सायेब, फिर्याद द्यायचीय."

"कोणाविरुद्ध?"

"आधी माझ्याच दुकानाविरुद्ध लिवा. मी खोटं ब्रेक लायनर इकलंत."

अंमलदाराने पेन खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्याने फसवलं म्हणून रडत येणारी माणसं रोजची होती. हे नवीन होतं.

हकिगत अशी होती. खुटबावकडे कांदा काढणीला बायका घेऊन निघालेल्या जीपचा ब्रेक लागला नाही आणि ती उसात घुसली. एका बाईचा हात मोडला. ड्रायव्हरने दोष स्वतःच्या माथी घेतला. पण जीपमधून काढलेला लायनर, म्हणजे ब्रेकमधली घासपट्टी, आप्पांनी हातात घेतला, तर बोटांनी त्याचा भुगा होत होता. तो त्यांनीच थोड्या दिवसांपूर्वी विकला होता. त्यांनी दुकानातली उरलेली खोकी फोडली. वापरून टाकलेले लायनर रंगवून एका चांगल्या कंपनीच्या नावाच्या खोक्यांत भरलेले निघाले.

खरं सांगायचं तर माझा विश्वास बसला नाही. आपण होऊन फिर्याद घेऊन येणारा पुष्कळदा स्वतःच गुन्ह्यात असतो, असा आमचा अनुभव. दोन तास मी त्यांना उलटसुलट विचारलं. माल देणाऱ्याशी भांडण झालंय का? दुसऱ्या दुकानदाराला अडकवायचंय का? उत्तर प्रत्येक वेळी तेच आलं, एका शब्दाचाही फरक नाही. शेवटी मी म्हणालो, "विकणारे तुम्ही. आरोपी म्हणून पहिलं नाव तुमचंच येऊ शकतं."

"येऊ द्या. पर आधी ह्यो माल बसवलेल्या गाड्या थांबवा. माझी चवकशी मागनं करा."

"गप्प बसला असतात तर कुणाला कळलं असतं?"

"गिऱ्हाइकाला कुठं कळतंय सायेब, खोक्यात काय हाय? त्याला कळत न्हाई म्हणूनच त्यो माझ्याकडं येतो. मला कळतंय म्हणून तर मी गल्ल्यावर बसलोय."

मी त्यांच्यासाठी चहा मागवला. पंचांसमक्ष माल जप्त केला, जबाब नोंदवला, गुन्हा दाखल केला. आप्पांना गिऱ्हाईक गाडीवरून आठवे. राहू गावची पिकअप, पुलाजवळच्या पंक्चरवाल्याच्या मेहुण्याचा टेम्पो. आमच्या हवालदाराने ठाण्यातूनच फोन लावून गाड्या उभ्या करायला सांगितल्या. आप्पा मिस्त्रीला घेऊन गावोगाव फिरले आणि प्रत्येक गाडीचे ब्रेक पदरमोड करून बदलून आले. दुकानाच्या शटरवर त्यांनी कागद चिकटवला होता: 'या दुकानातून खोटे ब्रेक लायनर विकले गेले. ज्यांनी नेले त्यांनी गाडी चालवू नये, फोन करावा.'

माझ्या हवालदाराने त्यांना बजावलं, "आप्पा, धंदा बसंल." त्यांनी कागदाचा सुटलेला कोपरा दाबून पुन्हा चिकटवला.

तपास मात्र अडला होता. माल आणून देणाऱ्याचा फोन बंद, पावतीवरचा पत्ता बनावट. परिसरातल्या बाकीच्या दुकानदारांना बोलावलं, तर एकजात सगळे म्हणाले, आम्ही त्याला ओळखतच नाही. नाव बाहेर आलं की गिऱ्हाईक तुटेल ही धास्ती त्यांच्या तोंडावर दिसत होती.

चौथ्या दिवशी दौंडचा एक दुकानदार आपण होऊन आला. खुर्चीवर बसायलाही तयार नव्हता.

"साहेब, आप्पांच्या शटरवरचा कागद वाचला. मीबी त्याच माणसाकडून माल घेतलाय. भाव कमी लावला तवाच शंका आली हुती, पर गप ऱ्हायलो."

एकदा घाईची ऑर्डर होती, म्हणून त्याने स्वतः जाऊन माल उचलला होता. शिक्रापुरात कामगारांच्या भाड्याच्या खोल्यांमागे एक पत्र्याची शेड होती. त्याच दुपारी आम्ही छापा घातला. रंगाचे डबे, छापील खोक्यांचे गठ्ठे आणि आमचा फरार माणूस, सगळं एका छपराखाली सापडलं.

चौकशीत तो आधी मुजोरपणे बोलला. "सगळा बाजार हेच करतो साहेब."

मी त्या मजूर बाईचा वैद्यकीय दाखला त्याच्यापुढे ठेवला. "सगळा बाजार करत असता, तर तू आज इथे बसला नसतास. बाजारातल्याच दोघांनी तुला पकडून दिलंय."

त्याने दाखला वाचून माझ्याकडे परत सरकवला. मग खोकी छापणाऱ्याचं नाव सांगितलं.

सरकारी वकिलांशी बोलून आप्पांना आम्ही साक्षीदार केलं. कोर्टात आरोपीच्या वकिलाने आवाज चढवून विचारलं, "हा माल तुम्हीच विकलात ना?"

"व्हय, मीच."

वकिलाने पुढच्या प्रश्नांची बरीच तयारी केली असावी. ती त्या दोन शब्दांत संपली. आरोपींना शिक्षा झाली.

निकालानंतर मी आप्पांना धंद्याचं विचारलं. ते म्हणाले, "निम्मी गिऱ्हाइकं गेली. पर जी ऱ्हायली, ती आता खोकं उघडूनसुदिक बघत न्हाईत. त्याचंच जास्त वझं वाटतंय."

बाजार सरळ चालतो तो आमच्या दंडुक्याच्या धाकाने, असं मी नोकरीभर समजत होतो. पण पोलीस पोचतो तो जीप उसात घुसल्यावर. त्याच्या आधीचा सगळा रस्ता दुकानदाराच्या भरवशावर चालतो.