सातव्या दिवसाची संध्याकाळ

अमळनेरला कॉलेजात मी तत्त्वज्ञान शिकवते. पीएच.डी.ला विषय घेतला तो तेराव्या शतकातल्या फ्रान्सिस्कन साधूंचा. बायबलमध्ये देव सहा दिवसांत सृष्टी घडवतो, त्याचा या साधूंनी काय अर्थ लावला, हे शोधायचं. कुठं ते साधू आणि कुठं आपली बोरी नदी, म्हणून स्टाफरूम हसायची. आबा, म्हणजे माझे वडील, हसले नाहीत. सगळा जन्म कपाशीच्या शेतात काढलेला माणूस. अनवाणी हिंडणारे, स्वतःचं म्हणून काही न ठेवणारे साधू त्यांना लगेच पटले.

गेल्या हिवाळ्यात आबा धुळ्याच्या दवाखान्यात होते. आता घरी न्या, असं डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. ते आबांना सांगायची माझी हिंमत झाली नाही. दुपारी वेळ जावा म्हणून मी त्यांना माझा प्रबंध सोपा करून सांगत होते. संध्याकाळ झाली, सकाळ झाली, पहिला दिवस. असे सहा दिवस झाले आणि सातव्या दिवशी देवानं विसावा घेतला.

"माय, सातवा दिनले बी याय बुडना का?" आबांनी विचारलं. याय म्हणजे आमचा सूर्य.

उत्तर मला पाठ होतं. सातव्या दिवसाला संध्याकाळ लिहिलेलीच नाही. साधू म्हणतात, ही चूक नव्हे. हा कधीच न मावळणारा विसावा, मेल्यानंतर माणसाला मिळतो तो. माझं अख्खं चौथं प्रकरण त्यावर उभं आहे. पण ते बोलताना माझ्या तोंडाकडे बघूनच आबा सगळं ओळखतील, याची मला भीती वाटली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तशी गत माझी.

"बुडना ना आबा. दुसरा दिन उगना बी," मी म्हटलं. तेवढाच धीर येईल, असं वाटलं होतं.

"मंग परत वावरमा जानं शे," म्हणजे पुन्हा शेतात जायचंच, एवढंच आबा म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. माणूस किती दमलाय, हे मला तेव्हाही कळलं नाही. आज ते आठवलं की स्वतःचीच चीड येते.

चार दिवसांनी, घरीच, आबा गेले. त्या सकाळी ते आईकडे सारखी भाकर बांधून मागत होते, शेतात जायला उशीर होतोय म्हणून. आई म्हणाली, भ्रम झालाय त्यांना. दुसरा दिवस उगवतो, हे त्यांना मीच सांगितलं होतं.