आत्याने खरवडलेली पत्रकं

तुर्भ्याच्या भंगाराच्या गाळ्यातून, आत्याबरोबर काम करणाऱ्या मंगलताईंचा फोन आला तेव्हा मी नेरूळला कॉलेजच्या गेटवर पत्रकं वाटत होते. "तू ये," त्या म्हणाल्या, "आत्या जेवून भिंतीला टेकल्या, त्या उठल्याच न्हाईत." पुढेही त्या काही बोलल्या असतील, मला आठवत नाही. उरलेली पत्रकं वॉचमनकाकांच्या हातात दिली आणि रिक्षात बसले... त्याला आता पाच आठवडे झाले.

कांताआत्या माझ्या बाबांची थोरली बहीण. परभणीकडच्या गावातून ती आमच्याआधी इकडे आली, कोपरखैरण्यात आमच्याच गल्लीत एका खोलीत राहिली आणि वीस वर्षं त्या गाळ्यात प्लास्टिकच्या बाटल्या निवडत राहिली. लेबल फाडायचं, बूच काढायचं, बुचाखाली गळ्यात उरलेली प्लास्टिकची कडी कापायची आणि रंग बघून बाटली गोणीत टाकायची. आमच्या घरात बाबांच्या चळवळीची पत्रकं इतकी असत की मी अक्षरं पाठ्यपुस्तकाच्या आधी त्यांच्यावरच गिरवली. पुढे स्वतः लिहायला लागले तेव्हा आत्याला मी प्रत्येक पत्रक मोठ्याने वाचून दाखवायची. ती शांतपणे ऐकायची आणि म्हणायची, "एवढं वरडून कागद फाटंल की गं."

दोन वर्षांपूर्वी आम्ही कॉलेजात शीतपेयांच्या कंपन्यांविरुद्ध मोहीम काढली. विकताना बाटलीवर कंपनीचं नाव ठळक असतं. तीच बाटली नाल्यात सापडली की ती कुणाचीच नसते, याचा मला संताप होता आणि आजही आहे. कॅन्टीनमध्ये, स्टेशनबाहेर, सापडेल त्या रिकाम्या बाटलीवर आम्ही पत्रक चिकटवलं : 'ही बाटली कंपनीने परत घ्यावी आणि तिची पुन्हा बाटली करावी.' कुणाला सहज काढता येऊ नये म्हणून गोंद चांगला जाड लावला. आठवड्याभराने आत्या घरी आली, चहाला नको म्हणाली आणि दोन्ही हातांची बोटं माझ्यासमोर धरली. नखांत पांढरा लगदा बसला होता. "काय लावलंस माय ते? नवऱ्यावानी चिकटलंय, भिजवून बी सुटंना." मी म्हणाले, "आत्या, अगं, तुमच्यासाठीच तर मोहीम आहे." "आमच्यासाठी? कागद-गोंद लागलेल्या बाटलीची बाटली व्हत न्हाई. तिचा सतरंजीचा धागा व्हतो, न्हाईतर ती पडून ऱ्हाती. दोन दिस तुझी क्रांती खरवडायलोत आमी." बाबा हसू लपवायला मोरीत निघून गेले. मग तीही हसली आणि तिने चहा मागितला.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर खरवडायला गेले. त्या दिवशी मला जे समजलं ते घरातल्या एकाही पत्रकात नव्हतं. बाटलीची पुन्हा बाटली व्हायची तर स्वच्छ माल लागतो, आणि त्या मालाचं प्लास्टिक वापरणारी कंपनी लागते. कंपनीला नवंकोरं प्लास्टिकच हवं असलं की निवडलेले गठ्ठे कुणी उचलत नाही, गाळ्याला कुलूप लागतं आणि अकरा बायका घरी बसतात. असं आधी दोनदा झालं होतं. दुसऱ्या खेपेला आत्याने तीन महिने लोकांची धुणीभांडी केली. म्हणून तिला ते कुलूप पुन्हा बघायचं नव्हतं. आमच्या घोषणांत बाटलीबंदीही होती. "बाटली बंद करा म्हनू नको," ती म्हणाली, "तुमची हाय, तुमीच घ्या म्हन."

मग आम्ही कंपनीला पत्र लिहिलं. म्हणजे मी लिहिलं आणि तिने त्यातलं निम्मं काढायला लावलं. "शिव्या नंतर दे. आदी काय पायजे ते सांग." खाली अकरा सह्या. पाच पत्रांनंतर बेलापूरच्या ऑफिसात बोलावणं आलं. आत्या चौदा एप्रिलची पांढरी साडी नेसली होती. माझ्या हातात चार पानांचं निवेदन होतं. साहेब तरुण होते, बोलायला नम्र. "काकी, जुन्या प्लास्टिकला जरा पिवळट झाक येते. कस्टमरला चालत नाही." आत्याने टेबलावरच्या बाटलीकडे बोट केलं. "साहेब, तुमचं पेय काळं हाय. त्यातनं पिवळं दिसतंय कुनाला?" साहेबांना हसू आवरेना. मग ते सावरून म्हणाले, बाटलीत जुनं प्लास्टिक वापरायचा सरकारी नियम आलाय, पण आम्ही मुदत मागितली आहे. "तुमी मागा मुदत," आत्या म्हणाली, "आमच्या गोन्या रोज येत्यात." माझं निवेदन मी उघडलंच नाही. साहेब 'बघतो' म्हणाले आणि आम्ही उठलो. लिफ्टमध्ये ती म्हणाली, "दर म्हैन्याला पत्र टाक. इसरंल तो."

शेवटचं पत्र ती जायच्या आदल्या आठवड्यात गेलं. दोन आठवड्यांपूर्वी उत्तर आलं : एक टेम्पोभर नमुना पाठवा, लेबल, बूच, कडी काहीही नसलेला, त्याचे दाणे करून आम्ही बाटलीत वापरून बघू. एवढंच. पुढे घेऊ, असं त्यांनी कुठेही म्हटलेलं नाही. कंपन्यांवर मी अजूनही विश्वास ठेवत नाही, पण त्या शनिवारी सकाळी गाळ्यात गेले. खिडकीखालच्या तिच्या जागेपासून मी लांब बसायला लागले, तशा मंगलताई म्हणाल्या, "तिथं बस की. जागा रिकामी ठेवायला हितं जागा कुटं हाय?"

बसले. तिची छोटी सुरी तिथेच खिळ्याला टांगलेली होती. मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली, आणि तिच्या डाव्या अंगठ्याने त्यात खळगा पडलेला... उजव्या हातात ती सुरी नीट बसेना, म्हणून मीही डाव्या हातात धरली. संध्याकाळपर्यंत कशीबशी एक गोणी भरली. मंगलताईंनी ती ओतली, आत हात घालून तीन बाटल्या वेचल्या आणि माझ्या मांडीवर टाकल्या. तिन्हींच्या गळ्यात कडी तशीच होती.

"आत्यांनी बी परत दिल्या असत्या," त्या म्हणाल्या.

मी सुरी पुन्हा डाव्या हातात घेतली.