पहिल्या नंबरावर काय टाकायचं

सुरतेच्या व्यापाऱ्यांना मी फोनवर रडकुंडीला आणते. फॉल-पिकोच्या एका मशीनवर सुरुवात केली होती, आज रायपूरच्या बूढापाऱ्यात पडद्यांचं दुकान आहे आणि नवा रायपूरमधल्या कितीतरी सरकारी बंगल्यांच्या खिडक्यांवर माझं कापड आहे. भाव करताना समोरच्याचे डोळे बघायचे आणि आपले दाखवायचे नाहीत, एवढंच मला येतं, पण चांगलं येतं. आणि दर महिन्याला माझ्या घरात एक सौदा होतो, त्यात मला कोणी विचारत नाही.

नवरा पायलट आहे. त्यांची नोकरी हैदराबादहून चालते. सुट्टी मिळाली की रायपूरच्या विमानात जागा असेल तशी धरून तात्यापाऱ्याला घरी येतात. पुढच्या महिन्यात कोणत्या दिवशी सुट्टी हवी, हे आदल्या महिन्यात कंपनीच्या ॲपवर पसंतीच्या क्रमाने लिहायचं असतं. त्याला बिड टाकणं म्हणतात. मग कॉम्प्युटर सगळ्यांत जुन्या पायलटापासून वाटप करत खाली येतो. आमच्यापर्यंत येईतो सणवार संपलेले असतात.

"तिथं बसलेल्या माणसाशी बोलून घ्या न," मी लग्नानंतर सुरुवातीला म्हणायची.

"तिथं माणूसच नाही," ते म्हणायचे.

ज्या दुकानात माणूस नाही, तिथं भाव कोणाशी करायचा?

आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, बसतात. नागपूरकडून आलेल्या आजेसासऱ्यांनी मुखवटे सोबत आणले होते. मागच्या वर्षी नवरा उडत होता, म्हणून धाकटे दीर आणि जाऊ बिलासपूरहून आले. साड्या मी आणल्या, भाज्या मी चिरल्या, मागचा पडदा माझ्या दुकानातला, आणि पाटावर जाऊ बसली. पुरणपोळी वाढत मी तिच्यामागून फिरत होते. या वर्षी सासूबाईंनी आधीच सांगून टाकलं.

"मोठा येणार नसंल तर मुखवटे बिलासपूरले जातीन. धाकटा रेल्वेत आहे, त्याची ड्युटी तरी ठरलेली असते."

"मी आहे न इथं," मी म्हटलं.

"तू आहे वं. पण जोडपं पाहिजे. एकटी बाई काहून बसंल?"

घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूला माझा हात लागलेला, आणि मी एकटी बाई!

महालक्ष्म्यांच्या महिन्याची बिड टाकायला नवरा जेवणाच्या टेबलावर मोबाइल घेऊन बसला. शेजारी मुलगी. आठवीत आहे, मराठी समजते पण उत्तर हिंदीत देते.

"महालक्ष्म्या पहिल्या नंबरावर टाकतो," ते म्हणाले.

"बिलकुल नाही. दिवाळी पहिल्या नंबरावर टाकली होती, भेटली का? पोरीचा वाढदिवस टाकला होता, भेटला का? दर वेळी तुम्हाला तिसरं भेटून राहिलं. पहिला भाव कोणी देत नसतो. तिथं काहीतरी फालतू टाका आणि महालक्ष्म्या तिसऱ्यावर ठेवा."

"अगं, तो कॉम्प्युटर आहे, दुकानदार नाही."

"बनवला तर माणसानंच न?"

"तो पहले पे क्या डालें, पितृपक्ष?" मुलगी हसून म्हणाली.

मला ते पटलं. पितृपक्षात कोणी नवं कापड घेत नाही, दुकानात माशी फिरकत नाही. त्या दिवसांत सुट्टी मिळाली काय, न मिळाली काय. नवऱ्याने मान हलवली, पण टाकलं. माझ्याशी वाद घालण्यापेक्षा त्यांना ढगांतून विमान नेणं सोपं जातं.

रोस्टर, म्हणजे महिन्याच्या ड्युटीचा तक्ता, आलं. पितृपक्ष अख्खा सुट्टी. महालक्ष्म्यांच्या तिन्ही दिवशी उड्डाणं.

पहिल्याच भावाला हो म्हणणारा दुकानदार मी आयुष्यात पाहिला नव्हता. दिवाळी सगळ्यांना हवी असते म्हणून ती आपल्यापर्यंत पोचत नाही आणि पितर कोणालाच नको होते म्हणून लगेच मिळाले, असं नवऱ्याने मला फोनवर शांतपणे समजावलं. त्या शांतपणाने मी जास्त पेटले. पडद्याच्या रिंगांचा डबा दुकानभर सांडला आणि शिवणाऱ्या मास्तरांवर विनाकारण ओरडले.

एक वाट उरली होती. दोन पायलट आपसात दिवस बदलू शकतात. महालक्ष्म्यांच्या दिवसांत सुट्टी असलेला एकजण निघाला, आमच्या लगेच नंतर नोकरीला लागलेला. पायलटांच्या बायकांचा एक ग्रुप आहे, वाढदिवसाला केकची चित्रं पाठवायला. त्यातून त्याच्या बायकोचा नंबर काढला आणि दुकानातून फोन लावला. पूजेचं सांगितलं, सासूबाईंचं सांगितलं. ती ऐकत राहिली. मी थांबले तरी बोलेना. मी व्यापाऱ्यांना अशीच ताटकळत ठेवते.

"दीदी, आप क्या दे सकती हैं?" शेवटी ती म्हणाली.

"पितृपक्ष की पूरी छुट्टी."

"वो कौन लेगा?" ती हसली. "दिवाली छोड़ दीजिए. आपके पति बिड में दिवाली न डालें, तो नंबर हमारा लगेगा."

कशासाठी हवी, ते तिने सांगितलं नाही. मीही गिऱ्हाइकाला कधी कारण सांगत नाही. आम्हाला दिवाळी मिळेलच याची खात्री नव्हती, पण या वर्षी यादीत आमच्या वरचे दोघे निवृत्त झाले होते आणि पहिल्यांदाच आशा होती. हे तिलाही ठाऊक होतं. मी सौदा केला. नवऱ्याला नंतर कळवलं. ते फक्त "बरं" म्हणाले.

पूजा झाली. आम्ही पाटावर बसलो आणि जाऊ माझ्यामागे आमटी वाढत फिरली. तो दिवस माझा होता, खोटं कशाला बोलू? तिसऱ्या दिवशी निरोप देऊन मुखवटे मऊ कापडात गुंडाळताना सासूबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, "आता दरवर्षी तुमचंच जोडपं बसन. बिलासपूरचं नाव नाही काढणार मी."

दरवर्षी. दरवर्षी हे दिवस त्या माणूस नसलेल्या दुकानातून आणायचे, आणि एकदा चुकलं की जाऊ पाटावर.

संध्याकाळी नवऱ्याला परत जायचं होतं. बॅग दाराशी होती आणि ते टेबलावर दिवाळीच्या महिन्याची बिड भरत होते. मुलगी त्यांच्या खांद्यावरून वाकली.

"पापा, इस बार पहले नंबर पे दिवाली. मम्मी की मत सुनना."

त्यांनी बोट स्क्रीनवर धरून माझ्याकडे बघितलं. सासूबाई मुखवट्यांच्या पेटीला कुलूप लावत होत्या.

"दिवाळी नका टाकू," मी म्हटलं.

"क्यों?" मुलीने विचारलं.

मी तिला कारण सांगितलं नाही.