पायांवर उमटलेली बोटं

त्या दिवशी घरी होतो ते आम्ही असे: आमचे हे, थोरल्या जाऊ रुक्माबाई, सून मीनाक्षी, मी, आणि दारच्या ओट्यावर टेकलेली एक मदुरेकडची बाई. तिचं नाव कोणी विचारलंच नाही. आमची मराठी तंजावरकडची; मी सांगत्यें तशी मीनाक्षी लिहून घेती.

कैक वर्षं मला दम लागायचा. कुंभकोणमच्या बाजारातनं भाजी आणताना वाटेत टेकायला लागायचं. दमा म्हणून औषध ओढायची, पण उतार नाही. पुढं पायही सुजले. दिवसभर पाय दुमडून चुलीपाशी बसत्यें म्हणून सुजले, असं मीच ठरवलेलं. घरात गॅस आहे, पण सोवळ्याचा स्वयंपाक आमच्यात चुलीवर, आणि कोणी शिवू नये म्हणून दार लावून. लग्न होऊन आल्यापासून तो धूर माझाच. देवीला म्हणायची, तुझाच नैवेद्य रांधत्यें, मग माझा श्वास का काढून घेतीस? नंतर तेही विचारायचं सोडलं. तिला ऐकू जात नाही असंच वाटायला लागलं.

नवरात्रातल्या शुक्रवारी सुवासिनीचे पाय धुवून हळद लावायची आमची रीत. त्या वर्षी जाऊबाईंनी मलाच पाटावर बसवलं. जन्मभर दुसऱ्यांचे पाय धुतले, आपले पुढं करायची लाज वाटली.

"बस गं मुकाट्यानं," जाऊबाई म्हणाल्या. "पाय बघ कसे झालेत. देवीनं सिंह सोडून हत्ती धरला म्हणायचा."

पण धुवायचे कोणी? जाऊबाईंची कंबर वाकत नाही, मीनाक्षी त्या दिवशी बाजूला बसलेली. मग यांनी ओट्यावरच्या बाईला विचारलं. पट्टीश्वरमला देवीचं दर्शन करून आलेली, बसला वेळ होता म्हणून टेकलेली. ती लगेच आत आली.

तिनं हळद लावली तशी तिची बोटं पायात रुतली. हात काढला तरी खळगे तसेच. तिनं पुन्हा दाबून बघितलं आणि आजी म्हणून हाक मारून तमिळमध्ये विचारलं, "पाट्टी, दम लागतो ना?"

"लागतो. त्याचा नि पायाचा काय संबंध?"

"माझ्या आईचं असंच होतं. आम्ही पायांना तेल चोळत बसलो, आई गेली. तुम्ही चोळू नका. छातीच्या डॉक्टरकडे जा."

मी हसले. हे हसले नाहीत.

तंजावरच्या डॉक्टरांनी छाती तपासली, हृदय तपासलं. म्हणाले, धुरानं फुप्फुसं खराब झालीत, आतल्या रक्ताच्या नळ्या जाड आणि अरुंद झाल्यात. त्यांतनं रक्त ढकलून ढकलून हृदयाची उजवी बाजू थकली, म्हणून पायांत पाणी उतरतंय. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं.

बरी झाले असं नाही. घरी ऑक्सिजन लावत्यें, गोळ्या घेत्यें. चूल विझली. देवीचा नैवेद्य आता गॅसवर, दार उघडं टाकून. जाऊबाई म्हणतात देवीच आली होती. मी वाद घालत नाही. ती बाई जेवली, पानसुपारी घेऊन बसला गेली, एवढं मला ठाऊक. मी वर बघून मागत होत्यें, आणि मिळालं ते पाय दुसऱ्याच्या हाती दिले तेव्हा. शरण जाणं म्हणजे हेच असेल.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं. घरात कोणी चुलीपाशी खोकत असेल तर दार उघडा, आणि तिच्या पायावर एकदा बोट दाबून बघा.