कमलाताईंच्या माकडहाडाची गाठ

पॅथॉलॉजीत बरण्यांना जागा पुरत नाही, पण किस्स्यांना काय, फॉर्मॅलिनसुद्धा लागत नाही! तेव्हा इंदूर 'मध्य भारत' नावाच्या राज्यात होतं आणि अख्ख्या विभागात बाई म्हणून मी एकटीच. त्यामुळे निम्मी भांडणं माझ्याच वाट्याची.

*

आमच्या सरांचा नियम होता. आधी डोळ्यांनी बघा, बोटांनी चाचपा, घरच्या भाषेत सांगा, मायक्रोस्कोप नंतर. एका विद्यार्थ्यानं लिव्हर बघून पुस्तकातलं ठोकून दिलं, "जायफळासारखं." सरांनी विचारलं, "जायफळ कधी आतून बघितलंय का भिया?" दुसऱ्या दिवशी सगळी बॅच घरून जायफळं घेऊन आली, आणि आठवडाभर विभागात श्रीखंडाचा वास येत होता.

*

एकदा सर्जनसाहेबांनी एका पेशंटच्या माकडहाडाजवळून काढलेला ऐवज पाठवला. पेशंट म्हणजे गौतमपुऱ्याच्या कमलाताई, शाळेत मास्तरीण. निरोप होता, जुनं गळू आहे, फेकून द्या.

मी कापून बघितलं. राखाडी, चकचकीत, गाठीगाठींचं, मधेमधे रक्ताचे डाग, बोटाला बुळबुळीत. पू बिलकुल नाही. मी म्हटलं, "सर, शिजलेला साबुदाणा!"

सगळे हसले, सर नाही हसले. मणक्याच्या हाडाची ही गाठ त्यांनी फक्त पुस्तकात वाचली होती. कॉर्डोमा! जराशी जरी मागे राहिली तरी परत वाढते.

*

सर्जनसाहेब भडकले. साबुदाण्यावरून निदान करणारी ही पोरगी कोण, असं भर वॉर्डात विचारलं. मी पण इंदूरचीच, अशी कशी सोडीन! स्लाइड घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले, त्यांनी बघितल्याशिवाय हलले नाही. शेवटी बघितली. परत ऑपरेशन ठरलं, या वेळी माकडहाडासकट.

कमलाताईंना त्यांनी सांगून टाकलं, यापुढे नीट बसता येणार नाही, नोकरी सोडा. ताई म्हणाल्या, "वर्गात बसतंय कोण?"

*

ऑपरेशन पार पडलं. पण विभागात उपासालाही कुणी साबुदाण्याला हात लावेना.

एका एकादशीला कमलाताई स्वतः जिना चढून आल्या. म्हणाल्या, माझी गाठ दाखवा. पेशंटला असं दाखवायची पद्धत नव्हती, तरी सरांनी बरणी काढली. ताईंनी ती फिरवून फिरवून बघितली. मग पिशवीतून डबा काढून टेबलावर उघडला. साबुदाण्याची खिचडी! सर्जनसाहेबांनी त्यांना साबुदाण्याचं सगळं सांगितलेलं दिसत होतं. आम्ही खाली बघत उभे.

पहिला घास ताईंनी घेतला.

"हाड सोडलं मी. नोकरी नाही सोडली. आता या गाठीपायी साबुदाणा सोडू?"