कुठल्या भाषेतली शिक्षा

जाधव मास्तर गेल्याचं मला दौलतगंजात कळलं. बाबा ज्या दुकानात कापड मोजतात, त्याच्या पायरीवर मी बसलो होतो. आमच्याबरोबर पळणारा ओमप्रकाश सायकलवरून न उतरताच म्हणाला, "मास्साब चले गए." मी विचारलं, कुठे? गेल्या वर्षभरात राजधानीबरोबर अर्ध्या कचेऱ्या भोपाळला गेल्या, त्यामुळे कोणी गेलं म्हटलं की आम्ही आधी हेच विचारतो... सांगायला संकोच वाटतो, पण रडू येण्याआधी मला राग आला. मास्तरांकडून माझं एक उत्तर यायचं होतं.

मास्तर संस्थानाच्या फौजेतले धावपटू. फौज विलीन झाली, पलटणीचं नाव गेलं, तेव्हा त्यांच्या बरोबरीचे कोणी चौकीदार झाले, कोणी कारकून. हे मात्र चाळिशी उलटल्यावर कॉलेजात पोरांच्या शेजारी बसून मानसशास्त्र शिकले, आणि संध्याकाळी फूलबागेजवळच्या मैदानावर आम्हाला पळवू लागले. पळवू लागले म्हणजे काय, बसवू लागले. हरलेल्याला निंबाखाली बसवून विचारायचे, मागचा पुढे निघाला तेव्हा तुझ्या अंगात कुठे काय झालं? पोटात की घशात? आम्ही वैतागायचो. सरळ दोन थपडा लावून मोकळा होणारा मास्तर मिळाला असता तर बरं, असं आपसात म्हणायचो.

थप्पड त्यांनी कधीच मारली नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं होतं, "यहाँ किसी को शिक्षा नहीं मिलेगी." हिंदीत त्यांचा मराठी शब्द असा मध्येच घुसायचा. आम्ही मराठी पोरं खूश झालो. ओमप्रकाश आणि त्याच्या मोहल्ल्यातली पोरं मात्र कपडे उचलून घरी निघून गेली. त्यांच्या हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण; इथे काही शिकवणारच नाहीत तर थांबायचं कशाला? दुसऱ्या दिवशी ओमप्रकाशचे वडील भांडायला आले. घोटाळा ध्यानात आल्यावर मास्तर इतके हसले की वडील आणखीच चिडले. पुढे नव्या सरकारच्या कचेरीवर 'शारीरिक शिक्षा' अशी पाटी लागली, तेव्हा मास्तर मला मुद्दाम ती दाखवायला घेऊन गेले. म्हणाले, वाच, आता मार देण्याचंही खातं निघालं.

आधी संस्थान, मग मध्य भारत, आता मध्य प्रदेश. यंदा नव्या प्रदेशाचा संघ निवडायचा होता, आणि पाव मैलाच्या शर्यतीसाठी आमच्या शहरातून एकच नाव जाणार होतं. ते मास्तरांनी द्यायचं होतं. आमच्या घरात कॉलेजचा जिना चढलेला मी पहिलाच. बाबांना कॉलेज कळत नाही, पळणं कळतं. दुकानात त्यांनी सगळ्यांना आधीच माझं नाव सांगून ठेवलं होतं. चाचणीत मी पहिला आलो. मास्तरांनी निंबाखाली बोलावून विचारलं, शेवटच्या वळणावर काय झालं? मी म्हणालो, काही नाही. त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. मी तेच म्हणत राहिलो, कारण मला खरंच ठाऊक नव्हतं... त्यांनी दुसऱ्या आलेल्या ओमप्रकाशचं नाव दिलं.

"दुकानात मी काय जवाब देऊ?" एवढंच बाबा बोलले.

मी मास्तरांच्या घरी गेलो. छातीचं दुखणं सुरू झालं होतं, ते खाटेवर पडून होते.

"मास्तर, पहिला मी आलो होतो. ही मला शिक्षा होती का?"

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली.

"कुठल्या भाषेत विचारतोयस?"

ही काय थट्टेची वेळ होती? मी उठलो. ते म्हणाले, वळणावर काय झालं ते सांगायला ये, मग मीही सांगतो. मी म्हटलं, परीक्षा झाली की येतो. परीक्षा संपायच्या आतच ते गेले.

त्यांचं चुकलंच, असं मला अजून वाटतं. बाबांनाही वाटतं.

परवा मैदानावर एकटाच पळालो. शेवटच्या वळणावर ध्यानात आलं, मी श्वास धरून ठेवतो. मागून कोणी येतंय का, ते ऐकायला. मागे कोणीही नव्हतं, तरी धरला होता. निंबाच्या ज्या मुळावर मास्तर बसायचे ते आता गुळगुळीत झालं आहे. त्याच्या शेजारी, पोरांच्या जागेवर जाऊन बसलो आणि जे झालं ते मोठ्याने सांगून टाकलं.

माझं सांगून झालंय, मास्तर. आता तुम्ही सांगायचं होतं.